‘गंगा उतरोन’ : नदीपार होण्याच्या उल्लेखांची चिकित्सा

मराठेशाहीच्या कागदांत वरचेवर भेटणारें आणि वाचकाच्या नजरेखालून तितक्याच सहजपणें निसटून जाणारें एक क्रियापद आहे. तें ‘उतरणें’ होय. अमके सरदार गंगा उतरोन पार जाले, तमक्याची फौज नर्मदा उतरली, अशा धर्तीचीं वाक्यें बखरींत, अखबारांत आणि खासगी पत्रांत पदोपदीं आढळतात. संपादक त्यांवर टीप देत नाहींत, कारण शब्द सोपा आहे. आणि इतिहासकार ‘नदी ओलांडली’ एवढ्या दोन शब्दांत त्याची वासलात लावून पुढच्या लढाईकडे वळतात. वास्तविक, मोठ्या नद्यांवर पूल नव्हते त्या काळीं या एका शब्दाच्या पोटांत दोन घटकांपासून दोन महिन्यांपर्यंतचा काळ, शेंकडों नावाड्यांची मेहनत, बुडालेलीं जनावरें आणि कित्येक प्रसंगीं लढाईचा निकालहि सांठविलेला असतो. हा शब्द उलगडून न वाचल्यामुळें कांहीं सेनापतींस गाफील ठरविण्यांत आलें आहे, तर कांहींचें यश केवळ शत्रूच्या घरांतील फितुरीच्या खातीं जमा झालें आहे. म्हणून या उल्लेखांची थोडी चिकित्सा येथें करण्याचें योजिलें आहे.

पहिली अडचण नदीच्या नांवाचीच आहे. दक्षिणी लेखक ‘गंगा’ म्हणतो तेव्हां बहुतेक वेळां त्याच्या मनांत गोदावरी असते. गंगथडी म्हणजे गोदेचें खोरें, जशी भीमथडी म्हणजे भीमेचें. नाशिकचा गृहस्थ सकाळीं गंगेवर स्नानास जातो तो गोदेवरच. परंतु हाच लेखक उत्तर हिंदुस्थानच्या स्वारींत असला म्हणजे त्याची गंगा बदलते. आणि पत्रावर स्थळ नसेल, वरचा बंद फाटून गेला असेल, तर ही कोणती गंगा हें पुढच्यामागच्या मुक्कामांवरूनच ठरवावें लागतें. गोदावरी आणि भागीरथी यांच्या दरम्यान तापी, नर्मदा, चंबळा व यमुना अशा चार नद्या आडव्या पडल्या आहेत. संपादकाच्या एका चुकीनें फौज या चारीहि नद्या एका रात्रींत ओलांडून जाते, आणि तिला एक टोपलीहि लागत नाहीं!

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘उतार’ या शब्दाचे प्रस्तुत विषयांत निदान तीन अर्थ होतात. नदींतून पायीं किंवा घोड्यावर बसून जातां येईल अशी जागा, ती उतार. पुराचें पाणी ओसरणें, तोहि उतार. आणि पलीकडे जाण्याची क्रिया, तीहि उतारच. ‘उतार नाहीं’ असें एकाद्या पत्रांत आलें तर येथें पायउतार जागाच नाहीं असें समजावयाचें, कीं अद्याप पूर ओसरला नाहीं असें? पहिल्या अर्थीं फौजेनें कांठाकांठानें वर-खालीं शोध करावयास पाहिजे; दुसऱ्या अर्थीं जागच्या जागीं मुक्काम करून वाट पाहावयास पाहिजे. दोहोंतून सेनापतीच्या शहाणपणाविषयीं निघणारीं अनुमानें अगदीं भिन्न आहेत. ‘नदी उतरली’ या दोन शब्दांचें व्याकरण तर त्याहून फसवें. नदी कर्ता धरली तर पाणी कमी झालें. नदी कर्म धरलें व अध्याहृत कर्ता फौज मानली तर फौज पार गेली. मोडी पत्रांत विरामचिन्हें नसतात आणि कर्ता मागच्या वाक्यांत राहून गेलेला असतो. अशा स्थळीं घाईनें दुसरा अर्थ घेतला म्हणजे जी फौज कांठावर पाणी ओसरण्याची वाट पाहात बसली आहे, तीच छापील इतिहासांत पैलतीरावर जाऊन पोंचते. प्रस्तुत लेखकाच्या मतें ‘उतार सांपडला’, ‘उतार लागला’ हे प्रयोग जागेविषयीं, व ‘उतार जाला’, ‘उतार पडला’ हे बहुधा पाण्याविषयीं समजावे; परंतु हा नियम नव्हे, केवळ कल आहे. शेवटीं तिथि पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

आतां साधनांकडे वळूं. पायउतार असेल तेथें प्रश्नच नाहीं. पाणी छातीपर्यंत असलें तरी माणसें एकमेकांचे हात धरून, ओझें डोक्यावर घेऊन जात. पोहणाऱ्यास वाळलेले भोपळे कमरेस बांधून नदी पार करणें परिचयाचें होतें. अनेक भोपळे किंवा लांकडें एकत्र बांधलीं म्हणजे सांगड होई. गुराखी बैलाचें शेंपूट धरून जाई, स्वार घोड्याचें. खोगीर व हत्यारें मात्र कोरडीं राहिलीं पाहिजेत, म्हणून नावेची गरज स्वारापेक्षां त्याच्या सामानास अधिक. हत्ती स्वतः उत्तम पोहतो. सर्वांत अडचणीची वस्तु तोफ. ती गाड्यावरून उतरवून, दोन नावा एकमेकींस जोडून वर फळ्या टाकाव्या आणि मग न्यावी लागे. कृष्णा-तुंगभद्रेच्या बाजूस लांकडी नावांपेक्षां कातड्यानें मढविलेल्या गोल टोपल्यांचा प्रघात फार. कानडींत तिला हरिगोल म्हणतात, तेलुगूंत पुट्टी, तामिळींत परिसल. या प्रकाराचें कारण नदीच्या पात्रांत आहे. पात्र खडकाळ, पाणी कोठें अथांग तर कोठें वीतभर. लांकडी तळाची नाव अशा ठिकाणीं फुटते. टोपली खडकावर आदळली तरी बांबूची वीण लवते, कातडें दबतें व ती पुढें सरकते. शिवाय दोन माणसें ती डोक्यावर घेऊन कोसभर चालूं शकतात. तिचा एकच दोष; ओलें कातडें कुजतें. म्हणून प्रत्येक वापरानंतर ती कांठावर पालथी घालून वाळवावी लागते. हा दोष पुढें हिशेबांत घ्यावयाचा आहे, तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

या टोपल्यांचीं चांगलीं वर्णनें आमच्या लेखकांनीं नव्हे, परक्यांनीं लिहिलीं. इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेला पोर्तुगीज डोमिंगो पाएस हा तुंगभद्रेवरील आनेगुंदीच्या वाटेवर अशा वेताच्या, कातड्यानें मढविलेल्या टोपल्या पाहून लिहितो कीं, यांत पंधरा-वीस माणसें बसतात, जरूर पडल्यास घोडे व बैलहि नेतां येतात, परंतु बहुतकरून जनावरें पोहूनच जातात. आणि वल्हें मारलें कीं टोपली एकसारखी गरगर फिरते. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानें गोवळकोंड्याच्या मुलखांत कृष्णेवर पाहिलेल्या टोपल्यांचा व्यास दहा-बारा फूट दिला आहे. दोन्ही साक्षी एकमेकींस पुष्टि देतात, आणि दोघांमध्यें सव्वाशें वर्षांहून अधिक अंतर असून वर्णन बदललेलें नाहीं. आमचा पत्रलेखक याविषयीं मुका कां? तर त्यास ती रोजची गोष्ट होती. आपण तरी पत्रांत आगगाडीचीं चाकें किती हें कोठें लिहितों! तेव्हां परक्यांच्या या वर्णनांचा उपकार मानणें युक्तच; पण त्यांच्या मर्यादाहि ओळखल्या पाहिजेत. पाएस व ताव्हेर्निए हे उतारू होते. त्यांनीं वाहत्या घाटावर, शांत दिवशीं, पैसे देऊन नदी ओलांडली. त्यांचा ‘पंधरा-वीस माणसें’ हा आंकडा उचलून पुरांतील लष्करास लावणें म्हणजे यात्रेच्या धर्मशाळेवरून किल्ल्याची शिबंदी मोजण्यासारखें आहे. टोपली फिरते याचें त्यांना आश्चर्य वाटलें. नावाड्यास त्यांत कांहींच वाटलें नसेल, कारण गोल वस्तूस नाक नाहीं आणि तळास कणा नाहीं, ती फिरणारच. त्या फिरण्यांतूनच तो दिशा साधतो.

माणसें, जनावरें व सामान यांचें परस्पर प्रमाण समजण्यास प्रवासवर्णनांहून जकातीचे दर अधिक उपयोगी पडतात. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरींत नदीघाटावरील दर दिले आहेत. हत्तीस १० दाम, भरल्या गाड्यास ४, रिकाम्या गाड्यास २, लादलेल्या उंटास १, सामानासह घोडा किंवा बैल यास अर्धा, आणि वीस माणसांस मिळून १ दाम. त्यांतहि माणसांस पुष्कळदां फुकटच नेत असत असें ग्रंथकार सांगतो. म्हणजे एक हत्ती दोनशें माणसांबरोबर, एक भरला गाडा ऐशीं माणसांबरोबर आणि सामानाचा एक बैल दहा माणसांबरोबर. दर ठरविणारा कारकून नदी पाहून ठरवीत होता कीं केवळ धन्याचें उत्पन्न पाहून, हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उघड होते. नदीवर माणूस हा भार नव्हता. भार होता तो त्याच्या पसाऱ्याचा. मराठी फौजेचा शिवाजी महाराजांच्या काळचा सडेपणा आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील बुणगे, बाजार, तोफखाना व कुटुंबकबिला यांचा लवाजमा यांतील फरक घाटावर जितका स्पष्ट दिसतो तितका मैदानांत दिसत नाहीं.

एक ढोबळ हिशेब करून पाहूं. समजा, घाटावर पन्नास टोपल्या आहेत. प्रत्येकींत वीस माणसें बसतात. जाऊन येण्यास दोन घटका लागतात. दिनमान तीस घटकांचें धरलें तर पंधरा खेपा होतील, आणि कागदावर दिवसास पंधरा हजार माणसें पार पडतील. आतां यांतून वजाबाकी करावी. प्रवाह टोपलीस खालीं ओढून नेतो, तेव्हां परतीस ती कांठानें वर ओढून आणावी लागते. कातडीं वाळविण्यासाठीं टोपल्या पाळीनें बाहेर काढाव्या लागतात. वीस माणसांच्या जागीं दहा माणसें व त्यांचीं खोगिरें बसतात. आणि पन्नास टोपल्या एका घाटावर मिळणें हाच मोठा योग. मग पसाऱ्यासह तीस हजारांच्या लष्करास आठवडाहि थोडा पडेल. मुद्दा आंकड्याचा नाहीं. मुद्दा हा कीं, तेवढे सर्व दिवस तें लष्कर एक नसतें, दोन असतें. आणि मधल्या पाण्यामुळें एका अर्ध्यास दुसऱ्याची मदत होऊं शकत नाहीं. ‘उतरले’ हा भूतकाळ ही मधली अवस्था गिळून टाकतो.

या दृष्टीनें राक्षसभुवनचा प्रसंग पुन्हा वाचावा. १० ऑगस्ट १७६३ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, निजामअल्ली औरंगाबादेकडे जाण्यासाठीं गोदावरी उतरत होता. फौजेचा एक भाग घेऊन तो उत्तर तीरास पोंचला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राक्षसभुवन येथें मागें राहिला. त्यावर माधवराव पेशवे तुटून पडले. विठ्ठल सुंदर ठार झाला, मागची फौज बुडाली, आणि निजामास तें पैलतीरावरून पाहाण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं. या यशाचीं कारणें सांगतांना जानोजी भोसल्यांचें निजामापासून फुटून निघणें, निजामाचा गाफीलपणा आणि तरुण पेशव्याचा पराक्रम यांचा उल्लेख नेहमीं होतो. तिन्ही कारणें खरीं आहेत. परंतु जानोजी फुटल्यानें निजामाचें बळ घटलें, त्याची फौज दुभंगली नाहीं. ती दुभंगली ‘उतरणें’ या क्रियेनें. निजामाच्या जागीं कितीहि सावध सेनापति असता तरी भरल्या गोदावरीवर त्याची फौज कांहीं दिवस दोन तीरांवर विभागली गेलीच असती. म्हणून निजामास नुसतें गाफील म्हणणें हा अन्याय होतो, आणि माधवरावांच्या यशाचें श्रेय फितुरीस देणें हा त्याहून मोठा अन्याय होतो. पेशव्यांचें कौशल्य वेळ साधण्यांत होतें. आणखी आधीं गांठ घातली असती तर समोर सगळी फौज उभी राहिली असती. आणखी उशीर केला असता तर रिकामा घाट भेटला असता. त्याच नदीनें पुढें तितक्याच निःपक्षपातीपणें निजामाचा बचाव केला; पूर असल्यामुळें विजयी मराठ्यांसहि लागलींच त्याच्या मागें जातां आलें नाहीं.

हीच गोष्ट एकेचाळीस वर्षांनीं उत्तरेंत घडली. १८०४ सालीं यशवंतराव होळकरांपुढून माघार घेणारा इंग्रज अधिकारी मॉन्सन ऑगस्ट महिन्यांत बनास नदीवर आला. बरीचशी फौज पलीकडे गेल्यावर अलीकडच्या तीरावर राहिलेल्या पिछाडीची होळकरांच्या सैन्यानें वाट लावली. देश वेगळा, पक्ष वेगळे, पण आकृति तीच. या पराभवाची चिकित्सा करणाऱ्या आर्थर वेलस्लीनें (हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला) नद्यांवर नावांची तजवीज नसणें हा त्यांतील मुख्य दोषांपैकीं एक मानला, यांत नवल नाहीं. आदल्याच वर्षीं त्यानें स्वतः कर्नाटकांत टोपल्या तयार करवून घेतल्या होत्या. मराठ्यांशीं युद्ध नद्या भरलेल्या असतांनाच करावें, कारण तेव्हां त्यांच्या घोडदळाच्या हालचाली अडतात व नावा जवळ बाळगणारी फौज मोकळी राहते, असें त्याचें मत होतें. आणि त्याप्रमाणें ऑगस्ट १८०३ मध्यें अहमदनगर घेऊन तो लागलाच भरली गोदावरी उतरला. आमच्याकडे पावसाळा म्हणजे छावणी व दसरा म्हणजे सीमोल्लंघन हा क्रम धर्मासारखा पाळला जात होता. ज्या टोपलीचा शोध आमच्याच नदीकांठच्या लोकांनीं लावला, तिच्या जोरावर परक्यानें आमच्या ऋतुचक्राचा नियम मोडला, ही गोष्ट आमच्या इतिहासग्रंथांत ठळक अक्षरांनीं आली नाहीं.

पानिपतच्या मोहिमेकडे वळलें म्हणजे बखर व पत्र यांच्यांतील भेद या विषयांत किती पडतो तें दिसतें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडांत या काळचीं पत्रें छापलीं, तेव्हां प्रस्तावनेंत बखरींवर केलेली टीका पुष्कळांस कठोर वाटली. निदान नद्यांपुरती ती यथार्थ आहे. बखरींतील भाऊसाहेब नदी ‘उतरतात’. पत्रांतील भाऊसाहेब नावांसाठीं झुरतात. यमुनेवर पूल बांधण्यासाठीं इटाव्याच्या बाजूस नावा जमविण्याचा लकडा त्यांनीं गोविंदपंत बुंदेल्यांमागें लावला होता. १७६० च्या जूनांत चंबळा उतरून ते पुढें आले तों पाऊस लागला, आणि गंभीर नदीनें त्यांस अडवून धरलें. इतिहासांत जिचें नांवहि सहसा कोणी घेत नाहीं अशा नदीनें, इटाव्याजवळ यमुना ओलांडून अबदालीस गांठण्याचा बेत मोडला. ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली घेतली. पण मधें यमुना भरून वाहात होती आणि दोन्ही सैन्यांस एकमेकांकडे पाहात बसावें लागलें.

पुढें १७ ऑक्टोबरास कुंजपुरा मराठ्यांनीं घेतला, तेथेंच दसरा झाला, आणि २५ ऑक्टोबरास अबदाली बागपत येथें यमुना उतरूं लागला. यावरून भाऊसाहेबांनीं घाट राखले नाहींत असा दोष त्यांस दिला जातो. हा दोष अर्धाच खरा आहे. बागपतपासून कुंजपुऱ्यापर्यंतच्या तीरावरील प्रत्येक उतार राखावयाचा तर सगळी फौज कांठाकांठानें पेरावी लागली असती, आणि मग कुंजपुरा घेण्यास कोण उरलें असतें? खरा दोष बातमीचा आहे. शिवाय, प्रस्तुत लेखकास वाटतें त्याप्रमाणें, यमुना हा दोघांमधील स्थिर तट आहे असें गृहीत धरलें गेलें. परंतु पावसाळा संपल्यावर नदी रोज उतरते. दसरा आमच्यापुरताच नव्हता! शहाच्या उताराविषयीं अशी कथा सांगतात कीं, प्रथम पुष्कळ लोक बुडाले, मग शहानें उपवास केला, मंत्र लिहिलेला बाण पाण्यांत सोडला, आणि नदीनें वाट दिली. चिकित्सक म्हणविणारे हा भाग वगळून पुढें जातात. तसें करूं नये. बाण काढून टाकला तरी कथेंत कांहीं उरतेंच. आधीं बुडालेले लोक, मग कांहीं दिवसांचा थांबा, आणि त्यानंतर मिळालेली वाट. थांबण्याच्या त्या दिवसांत उपवासानें कांहीं झालें असो वा नसो, पाणी कमी होत होतें. वसुदेवास यमुनेनें वाट दिल्याची कथा ज्या समाजाच्या तोंडीं आहे, त्यानें शत्रूच्या अशा कथेस नुसतें हंसून चालणार नाहीं. मात्र उलट बाजूनें, प्रत्येक चमत्काराखालीं एक उतार दडलेलाच आहे असें मानणारे अलीकडे निघाले आहेत, तेंहि तितकेंच घाईचें.

‘पार’ या शब्दाची सर्वांत मोठी कसोटी अटकेवर लागते. १७५८ च्या एप्रिलांत मराठे लाहोरास पोंचले. अटकेकडे तुकड्या गेल्या. राघोबादादांची स्वारी मात्र पंजाबांतून माघारी फिरली. यावरून ‘अटकेपार झेंडे’ ही म्हण मराठी मनांत कायमची रुजली. म्हणीस पुरावा मागूं नये हें खरें. पण तिच्या आधारें ग्रंथ लिहिणाऱ्यांस मागावा. ‘अटकेपावेतों’ आणि ‘अटकेपार’ यांमध्यें सिंधु नदी आहे. दक्षिणी वाचकास वाटतें कीं वैशाखांत नदी कोरडी. आमच्या सह्याद्रींतून निघणाऱ्या नद्यांपुरतें तें बरोबर आहे; सिंधु, झेलम व चिनाब या बर्फ वितळून उन्हाळ्यांतच फुगूं लागतात. अकबरानें अटकेचा किल्ला १५८१ सालीं याच घाटाच्या रक्षणासाठीं बांधावयास घेतला व तेथें नावाड्यांची वस्ती केली. थंडीच्या दिवसांत तेथें नावांचा पूल असे, आणि पाणी चढूं लागलें म्हणजे तो सोडून नावांवर काम चाले. लोखंडी पूल झाला तो १८८३ सालीं. तेव्हां मराठ्यांची एकादी तुकडी खरोखर पलीकडे गेली कीं नाहीं, याचा निर्णय ‘पार’ या शब्दावरून होणार नाहीं. नावाड्यांस दिलेली मजुरी, नावांची जमवाजमव, पैलतीरावरील मुक्कामाचें पत्र, असें कांहीं हातीं आलें तर तो होईल. अटकेच्या अभिमानास यांत धक्का नाहीं. लाहोरापर्यंत जातांना वाटेंत ज्या नद्या निःसंशय ओलांडल्या त्यांचाच पराक्रम थोडा नाहीं.

पूल बांधण्याची कल्पनाच नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. कर्मनाशेच्या पाण्यानें पुण्य जातें म्हणून काशीचे यात्रेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून ती ओलांडीत. त्यांच्यासाठीं नाना फडणविसांनीं तेथें पूल आरंभिला होता. पायाच्या वाळूनें दाद दिली नाहीं, आणि तें काम पुढें काशीच्या राजा पटनीमल यांनीं तडीस नेलें. वाळूंत पाया घालण्याची विद्या येईपर्यंत मोठ्या नदीवर धनवानाचा पैसाहि हतबल होता.

याच संदर्भांत कागद गोळा करणाऱ्या मंडळींस एक विनंति करावयाची आहे. रुमाल सोडला म्हणजे राजकारणी पत्रें बाजूस काढावीं आणि नावेचा मक्ता, घाटाची जकात, नावाड्यास इनाम, कोळ्यांच्या हक्कांचा तंटा असले कागद ‘किरकोळ’ म्हणून पुन्हा बांधून ठेवावे, अशी वहिवाट पडून गेली आहे. ही वहिवाट मोडली पाहिजे. कोणत्या घाटावर किती नावा होत्या, त्या कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत चालत, हें या किरकोळ कागदांतच सांपडण्याचा संभव आहे. आणि तें कळल्यावांचून मोठ्या पत्रांतील ‘उतरोन’ वाचतां येत नाहीं. कोळी व भोई यांच्या घरचे कागद तर आम्हीं पाहातच नाहीं, कारण आमचीं पाउलें वाड्यांकडे वळतात. पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटांतील पुंडलिकाच्या देवळाची पूजा कोळ्यांकडे आहे. ज्यांच्या हातीं नदी, त्यांच्या हातीं नदीचा देवहि, हा संबंध शोधण्यासारखा आहे.

गांवांच्या मांडणीचाहि उपयोग होतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या लढाईपूर्वीं वेलस्लीस वाटाडे सांगत होते कीं केळणा नदीस (इंग्रजी कागदांतील कैटना) जवळपास उतार नाहीं. त्यानें पाहिलें तों एका तीरावर पिंपळगांव आणि बरोबर समोर दुसऱ्या तीरावर दुसरें गांव. दोन गांवें अशीं समोरासमोर वसतात तीं येण्याजाण्याची सोय असल्यावांचून नव्हे, असें अनुमान करून तो तेथें गेला, आणि उतार निघाला. आमच्याकडे एकाच नांवाचीं खुर्द व बुद्रुक अशीं जोडगांवें पुष्कळ ठिकाणीं ओढ्याच्या किंवा नदीच्या दोन अंगांस आहेत. सगळींच तशीं नाहींत, म्हणून यावरून यांत्रिक रीतीनें उतार ठरवूं नयेत. परंतु गोदा, भीमा व कृष्णा यांच्या तीरावरील अशा जोड्यांची नोंद करून ती फौजांच्या मुक्कामांशीं ताडून पाहण्याजोगी आहे.

हें काम नदीकांठीं जाऊन होईल अशी समजूत असेल तर तीहि सोडावी लागेल. पैठणजवळ जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याच्या वरच्या अंगाचें गोदावरीचें मोठें पात्र जलाशयाखालीं गेलें, आणि खालच्या अंगास, ज्यांत राक्षसभुवन येतें, तेथें नदी आतां पावसापेक्षां धरणाच्या दारांचा हुकूम अधिक मानते. भीमेवर उजनीच्या धरणानेंहि तेंच केलें आहे. ऑगस्टांत राक्षसभुवनच्या वाळूंत उभें राहून समोरचें पाणी पाहाणाऱ्यास १७६३ च्या ऑगस्टांतील पाणी दिसत नाहीं. त्यासाठीं धरणांपूर्वीं मोजणी होऊन छापलेले सर्व्हेचे जुने नकाशे पाहावे. त्यांत उतार व नावेचे घाट वेगवेगळ्या खुणांनीं दाखविलेले आहेत. ज्या संग्राहकांपाशीं अशा नकाशांचे सुटे ताव असतील त्यांनीं ते गांवांच्या नांवांसह यादी करून ठेवावे, आणि दुमडीवर फाटले असतील तर आधीं त्यांस कापड लावून घ्यावें.